टी पेशींवरचे इन्सुलिन आणि लेप्टिनचे रिसेप्टर: सिग्नल दिसत का नाही?

निळीशाई (धागाकर्ती)

माणसाच्या सीडी४ टी पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या मदतनीस पांढऱ्या पेशी) चयापचयाच्या हॉर्मोनांचा, म्हणजे इन्सुलिन, चरबीतून येणारे लेप्टिन आणि आतड्यातले जीएलपी-१ यांचा, थेट परिणाम होतो का, हे तपासायचे आहे. त्यासाठी हॉर्मोन पकडणारे प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, पेशीवर हवे. मांडणी अशी आहे.

निरोगी दात्यांचे हेपरिनमधले रक्त घेऊन फायकॉल या जड द्रावणावर पीबीएमसी (रक्तातल्या मोनोन्यूक्लियर पेशी: लिम्फोसाइट आणि मोनोसाइट) काढल्या. त्यातून चुंबकी किटने सीडी४ पेशी वेगळ्या केल्या, हात न लागलेल्या, म्हणजे निगेटिव्ह सिलेक्शनने. आरपीएमआय १६४० मध्ये १० टक्के एफबीएस (वासराचे सीरम) घालून पेशी रात्रभर ठेवल्या. सकाळी इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली या प्रमाणात १५ मिनिटे दिले आणि फ्लो सायटोमीटरवर फॉस्फो-एकेटी (सेरीन ४७३), म्हणजे इन्सुलिनचा सिग्नल पेशीत पोचल्याची खूण, पाहिले.

अडचणी चार. पहिली: इन्सुलिन दिलेल्या आणि न दिलेल्या नळीचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात. दुसरी: याच पेशी सीडी३/सीडी२८ बीड्सवर तीन दिवस सक्रिय केल्या तर फॉस्फो-एकेटी इन्सुलिनशिवायच इतके वर जाते की वाढायला जागा उरत नाही. तिसरी: लेप्टिन २५० नॅनोग्रॅम प्रति मिली दिल्यावर अख्ख्या पीबीएमसीत टीएनएफ आणि आयएल-६ ही दाहाची प्रथिने भरपूर येतात, शुद्ध सीडी४ पेशींत मात्र काहीच नाही. चौथी: जीएलपी-१ रिसेप्टरच्या वेस्टर्न ब्लॉटवर पीबीएमसीत ठळक पट्टा येतो. तो खरा मानावा का?

टी पेशींवर हे रिसेप्टर नसतातच, असे म्हणावे की मांडणीत चूक आहे?

---

प्रवाहमापी

रिसेप्टर असतात, पण टी पेशीवर ते कायमचे बसवलेले नसतात. तुमच्या पहिल्या दोन अडचणींचे मूळ इथेच आहे. रक्तात नुसती फिरणारी, विश्रांत टी पेशी इन्सुलिनचा रिसेप्टर जवळजवळ बाळगतच नाही. प्रतिजन भेटले, पेशी फुगायला आणि विभागायला लागली की मग तो पृष्ठभागावर येतो. हेल्डरमन आणि स्ट्रॉम यांनी १९७८ मध्येच ‘नेचर’मध्ये हे मांडले होते: लिम्फोसाइटवरची इन्सुलिन जोडणी ही पेशी सक्रिय झाल्याची खूण आहे. त्यामुळे विश्रांत सीडी४ मध्ये सपाट आलेख येणे हा बिघाड नाही. तेच अपेक्षित उत्तर आहे.

यामागे एक जुना धडा आहे. १९७० च्या दशकात इन्सुलिनची जोडणी मोजायला सोपी पेशी म्हणून रक्तातल्या मोनोन्यूक्लियर पेशी वापरत आणि जोडणी लिम्फोसाइटच्या नावावर जमा होई. १९७५ मध्ये मोनोसाइट वेगळ्या करून मोजल्या तेव्हा बहुतेक जोडणी त्यांचीच निघाली. आजही पीबीएमसीच्या लायसेटवर वेस्टर्न करून ‘लिम्फोसाइटमध्ये इन्सुलिन रिसेप्टर’ असे लिहिले जाते, तेव्हा हीच गल्लत होते. त्यात प्लेटलेट आणि लाल पेशींवरही हा रिसेप्टर असतो. फायकॉलनंतर २०० जी वर १० मिनिटे, ब्रेक न लावता, दोनदा धुतले नाही तर प्लेटलेट टी पेशींना चिकटून येतात आणि सीडी२२० चा (इन्सुलिन रिसेप्टरचे दुसरे नाव) खोटा सिग्नल देतात. पॅनेलमध्ये सीडी४१ ठेवा, म्हणजे चिकटलेल्या प्लेटलेट दिसतील.

आता डोस. १० मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे सुमारे १.७ मायक्रोमोलर. उपाशीपोटी माणसाच्या रक्तात इन्सुलिन ५ ते १० मायक्रोयुनिट प्रति मिली, म्हणजे ३० ते ६० पिकोमोलर असते आणि जेवणानंतर काहीशे पिकोमोलरवर जाते. तुमचा डोस उपाशीपोटीच्या पातळीच्या तीस हजार पट आहे. एवढ्या प्रमाणात इन्सुलिन आयजीएफ-१ च्या (इन्सुलिनसारखे वाढीचे हॉर्मोन) रिसेप्टरवरही बसते आणि तो रिसेप्टर टी पेशींवर असतोच. म्हणजे सिग्नल आला असता तरी तो कोणाचा, हे सांगता आले नसते. ०, ०.१, १, १० आणि १०० नॅनोमोलर अशी शिडी लावा. १ नॅनोमोलरला वाढ दिसली तर ती इन्सुलिन रिसेप्टरची मानायला आधार आहे. फक्त १०० ला दिसली तर संशय आयजीएफ रिसेप्टरवर घ्या. एस९६१ हा पेप्टाइड इन्सुलिन रिसेप्टर अडवतो. तो १०० नॅनोमोलर, २० मिनिटे आधी द्या. लिन्सिटिनिब दोन्ही रिसेप्टर बंद करते, त्यामुळे ते एकटे वापरून प्रश्न सुटत नाही.

सक्रिय पेशींत मूळ पातळी वर का, तर बीड अजून पेशीला चिकटलेले आहे आणि सीडी२८ स्वतःच पीआय३ कायनेज चालवतो. वर आयएल-२ घातले असेल तर तेही त्याच वाटेने एकेटी पेटवते. आणि १० टक्के एफबीएसमध्ये आयजीएफ आहेच. तिन्ही काढल्याशिवाय इन्सुलिनचा आवाज ऐकू येणार नाही. क्रम असा ठेवा.

बीड आणि पेशी १:१ घेऊन ४८ ते ७२ तास ठेवा. पिपेटने हलक्या हाताने गुठळ्या मोकळ्या करा, नळी चुंबकावर २ मिनिटे ठेवा, पेशी दुसऱ्या नळीत घ्या, पुन्हा एकदा चुंबक. सूक्ष्मदर्शकाखाली बघा; दहा पेशींमागे एखादे बीड राहिले तरी मूळ पातळी चढते. मग सीरम आणि आयएल-२ नसलेल्या आरपीएमआयमध्ये, ०.५ टक्के कमी-एंडोटॉक्सिनचा बीएसए (गाईचे अल्ब्युमिन) घालून, ३७ अंशांवर ४ तास. त्यानंतर दर नळीत ५ लाख पेशी, १०० मायक्रोलिटरमध्ये. इन्सुलिन ५ ते १० मिनिटे. पंधरा मिनिटांपर्यंत थांबू नका, कारण एकेटीचा चढ लवकर येतो आणि उतरू लागतो. फॉस्फो-एस६ (सेरीन २३५/२३६) मात्र उशिरा चढतो, त्यासाठी २० ते ३० मिनिटांची वेगळी नळी ठेवा.

थांबवताना पेशी सेंट्रिफ्यूज करत बसू नका. त्याच नळीत पॅराफॉर्मल्डिहाइड अंतिम १.६ टक्के होईल असे थेट घाला, १० मिनिटे, खोलीच्या तापमानाला. फिरवण्यात गेलेली पाच मिनिटे आणि थंडावा फॉस्फेटेजना पुरेसा असतो, सिग्नल तिथेच जातो. फिक्स झालेल्या पेशी हलक्या फिरवल्या तर खाली बसत नाहीत, ६०० जी लागते. नंतर बर्फासारखे थंड ९० टक्के मिथेनॉल, व्हॉर्टेक्स चालू ठेवून थेंब थेंब. एकदम ओतले की पेशींचा लगदा होतो. बर्फावर ३० मिनिटे.

मिथेनॉल पीई आणि एपीसी हे प्रथिनांचे रंग मोडून टाकते. त्यामुळे पृष्ठभागाचे रंग मिथेनॉलनंतर लावा किंवा अलेक्सा ४८८, ६४७ असे छोटे रंग घ्या. मेलेल्या पेशींचा रंग मात्र फिक्सच्या आधीच. सीडी१४ मिथेनॉलनंतर नीट रंगत नाही, मोनोसाइट ओळखायला सीडी३३ वापरा.

प्रत्येक फेरीत एक नळी अख्ख्या पीबीएमसीची ठेवा. मोनोसाइटवर इन्सुलिनचा रिसेप्टर कायम असतो, म्हणून त्या तुमच्या नळीतल्या नळीत पॉझिटिव्ह कंट्रोल ठरतात. मोनोसाइट हलल्या आणि टी पेशी हलल्या नाहीत तर उत्तर जीवशास्त्राचे. मोनोसाइटही हलल्या नाहीत तर इन्सुलिन मेलेले आहे किंवा नळीच्या भिंतीला चिकटून बसले आहे. हे दुसरे कारण फार वेळा खरे निघते. पिकोमोलर पातळीवर प्लास्टिक जवळजवळ सगळे इन्सुलिन गिळू शकते. पावडर ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, पुढे प्रत्येक वेळी ०.१ टक्के बीएसए असलेल्या द्रावणात पातळ करा आणि शेवटचे दोन टप्पे त्याच दिवशी करा.

---

निळीशाई

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. सीरमची अडचण टाळायला सीरमविरहित तयार मीडियम घेतले तर चालेल का? आणि दुकानात मिळणारे १०० युनिटचे मानवी इन्सुलिन वापरता येईल का? सीडी२२० चेही राहिले: पेशी परमिअबिलाइझ केल्या की सगळ्याच पॉझिटिव्ह येतात, पृष्ठभागावर मात्र जवळपास काही नाही.

---

प्रवाहमापी

सीरमविरहित मीडियम घेण्याआधी त्याची घटकयादी वाचा. टी पेशींसाठीच्या अशा बहुतेक मीडियममध्ये इन्सुलिन मुद्दाम घातलेले असते. आयटीएस नावाचे पूरक नेहमीच्या प्रमाणात घातले की १० मायक्रोग्रॅम प्रति मिली होते, म्हणजे तुमचाच आधीचा डोस, तोही दिवसभर. त्यात तीन दिवस वाढलेली पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेते आणि नंतर दिलेल्या इन्सुलिनला दाद देत नाही. सक्रिय करण्याचे तीन दिवस साधे आरपीएमआय आणि ५ टक्के डायलाइझ केलेले सीरम बरे. आणखी एक ध्यानात ठेवा: आरपीएमआय १६४० मध्ये ग्लुकोज लिटरला २ ग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. ‘निरोगी’ पेशी म्हणून वाढवतो ती ताब्यात नसलेल्या मधुमेहाच्या साखरेत वाढत असते. इन्सुलिनचा चयापचयावरचा परिणाम पाहायचा तर ग्लुकोजविरहित आरपीएमआय आणून ५ मिलिमोलर ग्लुकोज स्वतः घाला.

दुकानातले साधे मानवी इन्सुलिन चालते. १०० युनिट प्रति मिली म्हणजे ६०० मायक्रोमोलर. त्यात मेटाक्रेसॉल हे संरक्षक असते. १ नॅनोमोलरला सहा लाख पट पातळ होत असल्याने त्याचा त्रास नाही, पण १ मायक्रोमोलरला फक्त ६०० पट होते, तिथे मेटाक्रेसॉलचा वेगळा कंट्रोल हवा. ग्लार्जिनसारखी बदललेली इन्सुलिने घेऊ नका. ग्लार्जिनची आयजीएफ-१ रिसेप्टरशी ओढ साध्या इन्सुलिनपेक्षा जास्त आहे.

सीडी२२० बद्दल. इन्सुलिन रिसेप्टरचा अल्फा भाग पेशीच्या बाहेर आणि बीटा भागाचा मोठा तुकडा आत. बऱ्याच अँटीबॉडी बीटाच्या आतल्या टोकाविरुद्ध असतात. त्या जिवंत पेशीवर कधीच बसणार नाहीत आणि परमिअबिलाइझ केल्यावर आतल्या साठ्यातला सगळा रिसेप्टर दाखवतील. पृष्ठभागासाठी अल्फाविरुद्धची अँटीबॉडी घ्या, ४ अंशांवर लावा, नाहीतर रिसेप्टर अँटीबॉडीसकट आत जातो. एफएमओ कंट्रोल (तो एक रंग सोडून बाकी सगळे लावलेली नळी) हवाच. अँटीबॉडीवर विश्वास ठेवण्याचा सगळ्यात भक्कम मार्ग म्हणजे सक्रिय टी पेशींत कॅस९ ने आयएनएसआर, म्हणजे या रिसेप्टरचे जनुक मोडायचे आणि सिग्नल खरेच पडतो का बघायचे.

पीसीआर करणार असाल तर एक छोटी गोष्ट. या रिसेप्टरचे दोन प्रकार असतात, एक्झॉन ११ (जनुकाचा एक तुकडा) असलेला बी आणि नसलेला ए. लिम्फोसाइटमध्ये मुख्यतः ए. फरक फक्त ३६ बेसचा. १० व्या आणि १२ व्या एक्झॉनवर प्रायमर ठेवा आणि ३ टक्के अ‍ॅगरोजवर चालवा, नाहीतर दोन पट्टे एकच दिसतात. ए प्रकारावर आयजीएफ-२ सुद्धा जोरात बसतो, सीरम काढण्याचे हे आणखी एक कारण.

---

लसिका

लेप्टिनबद्दल लिहिते. पीबीएमसीत टीएनएफ आणि शुद्ध सीडी४ मध्ये शून्य, हे वाचताच पहिला संशय एंडोटॉक्सिनवर, म्हणजे जिवाणूंच्या कवचातल्या एलपीएसवर, जायला हवा.

बाजारातले बहुतेक रिकॉम्बिनंट लेप्टिन ई. कोलायमध्ये बनते. समजा बाटलीवर ‘१ एंडोटॉक्सिन युनिट प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी’ असे लिहिले आहे. २५० नॅनोग्रॅम प्रति मिलीला तुम्ही ०.२५ युनिटपर्यंत, म्हणजे साधारण २५ ते ५० पिकोग्रॅम एलपीएस प्रति मिली देत आहात. मोनोसाइटला टीएनएफ सोडायला एवढे पुरते. सीडी४ टी पेशीला एलपीएसचे फारसे सोयरसुतक नसते, म्हणून ती गप्प. तुमचा निकाल जसाच्या तसा याच्याशी जुळतो.

खात्री करायला त्याच लेप्टिनचा एक भाग ९५ अंशांवर ३० मिनिटे उकळा. प्रथिन मोडते, एलपीएस टिकते. उकळलेल्याने टीएनएफ तसाच आला तर तो लेप्टिनचा नव्हता. सोबत पॉलिमिक्सिन बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची नळी लावा, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका. पॉलिमिक्सिन एलपीएस पकडते, जिवाणूंची लायपोप्रथिने पकडत नाही आणि मोनोसाइट त्यांनाही उत्तर देतात. शक्य असेल तर सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेले लेप्टिन, मिलिग्रॅममागे नव्हे तर मायक्रोग्रॅममागे ०.०१ युनिटच्या खालचे घ्या. आणि लेप्टिन अडवणारी अँटीबॉडी घालून परिणाम नाहीसा होतो का, ते दाखवा.

डोसबद्दल प्रवाहमापींचाच मुद्दा. लेप्टिन १६ किलोडाल्टनचे, म्हणजे १६ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे १ नॅनोमोलर. रक्तात प्रति मिली सडपातळ माणसात एक-आकडी, स्थूल माणसात दोन-आकडी नॅनोग्रॅम. १०, ३० आणि १०० ची शिडी पुरे. ‘लेप्टिन नाही’ अशी नळी मानवी एबी सीरममध्ये असेल तर तिथे लेप्टिन आहेच, हे विसरू नका.

आता रिसेप्टर. सीडी२९५, म्हणजे लेप्टिन रिसेप्टर, पृष्ठभागावर दिसला म्हणजे सिग्नल जाईलच असे नाही. लेप्टिन रिसेप्टरचे लांब आणि आखूड प्रकार असतात, बाहेरचा भाग सगळ्यांचा सारखा. सिग्नल पुढे नेणाऱ्या स्टॅट३ प्रथिनाला बोलावणारा टायरोसीन (उंदरात ११३८, माणसात ११४१) फक्त लांब प्रकाराच्या शेपटीत. बाहेरच्या भागाविरुद्धची अँटीबॉडी दोन्ही दाखवते. म्हणून फॉस्फो-स्टॅट३ (टायरोसीन ७०५) १५ मिनिटांनी मोजा, शेजारी आयएल-६ २० नॅनोग्रॅम प्रति मिलीची नळी ठेवा. आयएल-६ ला सीडी४ पेशी ठसठशीत उत्तर देतात. ते आले आणि लेप्टिनचे आले नाही तर रंगवण्यात दोष नाही, एवढे तरी पक्के होते.

आरएनए मोजणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. लेप्टिन रिसेप्टरच्या जनुकाला लागूनच एलईपीआरओटी नावाचे दुसरे प्रथिन त्याच प्रवर्तकावरून निघते आणि सुरुवातीचे भाषांतर न होणारे एक्झॉन दोघांचे एकच आहेत. प्रायमर तिथे बसवले तर एलईपीआरओटी मोजली जाते आणि ती जवळपास सगळीकडे असते. प्रायमर शेवटच्या एक्झॉनवर, लांब प्रकाराच्या शेपटीवर ठेवा.

आणि प्रयोगाचा प्रश्नच थोडा बदला, असे सुचवते. लेप्टिन टी पेशीला एकटे जागे करत नाही. अर्धवट जागी असलेल्या पेशीला पुढे ढकलते. बीड १:१ लावले की पेशी आधीच पूर्ण वेगात असते, लेप्टिनला करण्यासारखे काही उरत नाही. बीड १:१० वर आणा, म्हणजे कंट्रोलमध्ये चार दिवसांनी एक-तृतीयांश पेशीच विभागलेल्या दिसतील, आणि मग लेप्टिनने विभाजन आणि इंटरफेरॉन-गॅमा वाढतो का ते बघा. लॉर्ड आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा ‘नेचर’मधला निबंध अशाच चौकटीतला होता: लेप्टिन टी पेशींचा प्रतिसाद वाढवते, टीएच१ च्या, म्हणजे दाह वाढवणाऱ्या टी पेशींच्या, बाजूला झुकवते आणि उपाशी उंदरांतली दबलेली प्रतिकारशक्ती परत आणते.

नियामक टी पेशी (प्रतिकार आवरणाऱ्या) वेगळ्या काढल्याशिवाय निकाल वाचू नका. २००७ मध्ये डी रोझा आणि मातारेझे यांच्या गटाने दाखवले की माणसाच्या नियामक टी पेशी स्वतः लेप्टिन बनवतात, त्यांच्यावर रिसेप्टरही भरपूर असतो आणि लेप्टिन त्यांची वाढ रोखते. लेप्टिन अडवले की त्या विभागू लागतात. सीडी४ मध्ये ५ ते १० टक्के नियामक पेशी मिसळलेल्या असतील तर एका हॉर्मोनचे दोन उलटे परिणाम एकाच नळीत होतात आणि सरासरी शून्याजवळ येते. सीडी२५ उच्च, सीडी१२७ नीच अशा पेशी आधी काढा.

माणसात हे सारे खरेच घडते याचा पुरावा हवा असेल तर जन्मजात लेप्टिन नसलेली मुले आठवा. अशा पहिल्या दोन मुलांचे वर्णन १९९७ मध्ये केंब्रिजच्या गटाने केले, दोघे चुलत-मावस नात्यातले, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातले. २००२ मध्ये त्याच गटाने अशा मुलांना रिकॉम्बिनंट लेप्टिन दिल्यावर टी पेशींची संख्या आणि त्यांचा प्रतिसाद सुधारल्याचे दाखवले. लेप्टिन म्हणजे फक्त भुकेचा लगाम, हे समजणे अपुरे आहे. घरात धान्य किती आहे हे पाहून सैन्य किती पोसायचे ते ठरते, तसा हा निरोप आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालेल्या मेट्रेलेप्टिनवर टी पेशी लिम्फोमाचा इशारा छापलेला असतो, हेही याच संदर्भात वाचावे.

---

देवराई

जीएलपी-१ रिसेप्टरच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात: तो पट्टा मानू नका. या रिसेप्टरच्या बाजारातल्या अनेक पॉलीक्लोनल अँटीबॉडी, रिसेप्टर काढून टाकलेल्या उंदराच्या ऊतीतही तेवढाच ठळक पट्टा देतात. हे २०१३ पासून प्रसिद्ध आहे. जी-प्रथिनांशी जोडलेल्या रिसेप्टरांची एकंदरच ही रड आहे. मानवी रिसेप्टरसाठी ३एफ५२ ही मोनोक्लोनल तपासलेली आहे. शेजारी रिसेप्टर घातलेल्या एचईके पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) आणि न घातलेल्या एचईके पेशी, असे दोन्ही लेन हवेत. आणि लायसेट ९५ अंशांवर उकळू नका, हे प्रथिन गुठळ्या करून विहिरीतच अडकते. ३७ अंशांवर ३० मिनिटे पुरेत.

त्यापेक्षा कार्य मोजा. आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर १५ मिनिटे आधी, मग एक्झेन्डिन-४ १ ते १०० नॅनोमोलर, १५ मिनिटांनी सायक्लिक एएमपी, म्हणजे हा रिसेप्टर चालला की पेशीत वाढणारा रेणू. फॉर्स्कोलिन १० मायक्रोमोलर पॉझिटिव्ह, एक्झेन्डिन ९-३९ अडवायला. नैसर्गिक जीएलपी-१ वापरू नका. त्याला डीपीपी-४ हे एन्झाइम तोडते आणि टी पेशीवरचा सीडी२६ म्हणजे तोच डीपीपी-४. सक्रिय पेशींवर तो आणखी वाढतो. तुम्ही दिलेले हॉर्मोन पेशी आपल्याच पृष्ठभागावर कापून टाकते आणि निकाल ‘रिसेप्टर नाही’ असा दिसतो.

उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातल्या लिम्फोसाइटवर हा रिसेप्टर असल्याचा पुरावा चांगला आहे. माणसाच्या रक्तातल्या टी पेशींबद्दल तेवढ्या जोराने बोलू नये. या औषधांनी दाह कमी होतो, यावरून रिसेप्टर रक्तपेशींवरच असणार असे ठरत नाही; वजन घटणे आणि मेंदूतला रिसेप्टर या दोन्ही वाटा उघड्या आहेत.

---

चक्रवाक

सगळे पेशींवर बोलले, मी दात्यांवर बोलतो. रिसेप्टर कसा वागेल हे पेशी रक्तात असताना कोणत्या हॉर्मोनात न्हाऊन आली यावर ठरते. त्यामुळे दाते चुकले तर पुढची सगळी काळजी वाया जाते.

स्थूल आणि सडपातळ गटांची जुळवणी फक्त बीएमआयवर करू नका, विशेषतः भारतीय दात्यांत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ चा ‘लॅन्सेट’मधला जोडफोटो प्रसिद्ध आहे: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. लेप्टिन चरबीतून येते, बीएमआयमधून नाही. पुणे आणि लंडनच्या नवजात बाळांच्या तुलनेतही हेच निघाले: पुण्याची बाळे वजनाने बरीच हलकी, तरी त्यांच्या नाळेच्या रक्तातले इन्सुलिन जास्त. तेव्हा डेक्सा स्कॅन (चरबी मोजणारा), ते नसेल तर निदान कंबरेचा घेर आणि त्याच सकाळचे लेप्टिन व इन्सुलिन नोंदवा. बायकांत लेप्टिन पुरुषांच्या दोन-तीन पट असते, गट लिंगानुसार जुळवा.

रक्त सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, १० ते १२ तासांच्या उपवासानंतर. दिवस-रात्रीप्रमाणे लेप्टिन बदलते, मध्यरात्रीनंतर सर्वांत वर असते. पण दात्याचा आदल्या दोन दिवसांत कडक उपवास झालेला नसावा. दीर्घ उपवासात लेप्टिन चरबी घटण्याच्या कितीतरी आधी कोसळते. आषाढी किंवा नवरात्रात दाते बोलावणार असाल तर हे आवर्जून विचारा. स्टेरॉइड, मेटफॉर्मिन, नुकताच झालेला ताप किंवा लस, तीन आठवड्यांच्या आतली, ही सगळी वगळायची कारणे.

पेशींसाठी हेपरिनची नळी, खोलीच्या तापमानाला, चार तासांच्या आत फायकॉल. फ्रिजमध्ये ठेवलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट हलक्या होऊन पीबीएमसीच्या थरात येतात. इन्सुलिन मोजण्यासाठी वेगळी ईडीटीए नळी, लगेच फिरवलेली. रक्त थोडे जरी फुटले, प्लाझ्मा गुलाबी दिसला, तर ती नळी टाकून द्या. लाल पेशींतले इन्सुलिन तोडणारे एन्झाइम बाहेर येते आणि आकडा खोटाच कमी येतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना दोन-तीन दिवस आधी थांबायला सांगा, बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालणाऱ्या चाचण्या त्याने चुकतात.

---

लसिका

प्रवाहमापी, एका ठिकाणी असहमत. चार तास सीरमविना ठेवणे इन्सुलिनसाठी ठीक, पण सक्रिय टी पेशी आयएल-२ शिवाय लवकर कोमेजतात. काही दात्यांत चार तासांनंतर मेलेल्या पेशी नजरेत भरण्याइतक्या वाढतात आणि मरणाऱ्या पेशींतले फॉस्फो-स्टॅट३ वाचण्यालायक राहत नाही. लेप्टिनच्या नळ्यांना दोन तास पुरेत.

---

प्रवाहमापी

मान्य. एकच वेळ सगळ्यांना लावण्यापेक्षा १, २ आणि ४ तासांची एक चाचणी एका दात्यावर करा. जिवंत पेशी ९० टक्क्यांवर आणि मूळ फॉस्फो-एकेटी खाली, असा जो सर्वांत कमी वेळ मिळेल तो पुढे सगळ्या दात्यांना कायम ठेवा.

---

निळीशाई

शेवटचा प्रश्न: हे सगळे बसवायला एका दात्याचे किती रक्त लागेल, आणि किती दाते?

---

प्रवाहमापी

१ मिलीतून १० ते २० लाख पीबीएमसी मिळतात, त्यात सीडी४ साधारण ४० टक्के. निगेटिव्ह सिलेक्शनमध्ये थोड्या जातात, नियामक पेशी काढताना आणखी थोड्या. ४० मिली रक्तातून दीड कोटीच्या आसपास सीडी४ हातात येतील असे धरा. इन्सुलिनची पाच पायऱ्यांची शिडी, एस९६१ ची जोडी, आयजीएफ-१, लेप्टिनच्या तीन नळ्या, उकळलेले लेप्टिन, आयएल-६ आणि रंगांचे कंट्रोल मिळून पंधरा-सोळा नळ्या होतात, म्हणजे ८० लाख पेशी. बाकीच्या विभाजनाच्या प्लेटला.

दात्यांबद्दल: एका दात्याच्या तीन वेल म्हणजे तीन दाते नव्हेत. आधी सहा दाते घ्या, प्रत्येकाची इन्सुलिनची नळी त्याच्याच बिनइन्सुलिनच्या नळीशी जोडून मोजा आणि टक्क्यांऐवजी मध्यक तीव्रतेचे गुणोत्तर लिहा. त्यातून दात्यादात्यांतला फरक कळेल आणि पुढच्या गटांची संख्या त्या फरकावरून काढता येईल. सहा जणांच्या वेळी बीएसए, इन्सुलिन आणि लेप्टिनचा लॉट बदलू नका. तिघांचेही छोटे भाग करून उणे ८० वर आजच ठेवा.